सभा भरविण्याची विद्या

सभा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम वक्ता उभा राहतो. इतिहासकारांचेही बहुधा तसेच होते. कोणत्या अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते, त्यांनी भाषणात काय प्रतिपादन केले, ठराव कोणी मांडला व त्यास अनुमोदन कोणी दिले, हे सारे ग्रंथांतून नमूद झालेले असते. परंतु त्या सभेचा मांडव कोणी घातला, जागा कोणी दिली, परवान्यासाठी कचेरीचे उंबरे कोणी झिजविले, आलेल्या मंडळीस पाणी कोठून पाजले आणि मांडव उतरल्यावर वाणी-सुताराची देणी कोणी फेडली, याचा पत्ता फारसा कोणी ठेवीत नाही. वास्तविक, माणसे एके ठिकाणी जमविणे व ती समाधानाने परत धाडणे ही वक्तृत्वाहून निराळी अशी एक विद्या आहे. ती उपजत येत नाही. आपल्या समाजाने ती गेल्या दीडशे वर्षांत चुकतमाकत व सोशीत शिकून घेतली आहे. श्रोतेहो, त्या शिक्षणाची हकीकत आज मी धाराशिव जिल्ह्याच्या अनुरोधाने सांगणार आहे. जेथे सभा भरविणे हीच सरकारच्या लेखी संशयाची बाब होती, तेथे ही विद्या लोकांनी कशी हस्तगत केली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल असे मला वाटते.

निजामाच्या राजवटीत ह्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असे होते. 2023 साली धाराशिव हे जुने नाव त्यास सरकारी रीतीने परत मिळाले. 1982 पर्यंत लातूरचा मुलूखही ह्याच जिल्ह्यात मोडत असे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आता सभा नवीन असली तरी जमाव ह्या भूमीला नवा नाही. तुळजापूरचा नवरात्र महोत्सव घ्या. भवानीमातेचा पलंग तेथून कितीतरी मजला दूर, पुणे जिल्ह्यातील घोडेगावी, तयार होतो. तो गावोगाव मुक्काम करीत नगरास येतो. नगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून देवीची पालखी निघते. आणि विजयादशमीच्या सीमोल्लंघनास दोन्ही तुळजापुरी हजर असतात. पहाटे पालखीतून देवीचे सीमोल्लंघन होते, तदनंतर ती त्या पलंगावर निद्रिस्त होते, ती आश्विनी पौर्णिमेपर्यंत. पौर्णिमेला पायी चालत येणाऱ्या भाविकांनी सोलापूरकडचे रस्ते भरून वाहतात. एवढा विस्तृत मुलूख, इतकी निरनिराळी गावे, आणि कोणी कोणास निमंत्रणपत्रिका धाडीत नाही! पलंग कोणी करावा, पालखी कोणी आणावी, कोणत्या गावी कोणी खांदा द्यावा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. तिथी हेच निमंत्रण आणि मान हेच वेतन. व्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले तर आजच्या कोणत्याही कार्यवाहाने मान खाली घालावी अशी ही रचना आहे.

परंतु ह्या रचनेची एक मर्यादाही आहे, आणि तीच आमच्या विषयाचा आरंभ होय. जत्रेत प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले असते, आणि प्रत्येकाची जागाही. कोण गाभाऱ्यापर्यंत जाणार आणि कोण पायरीशीच थांबणार, हे तिथीइतकेच पक्के. सभेचे तसे नाही. सभा ही पूर्वी कधी एकत्र न बसलेल्या माणसांची असते व जो प्रश्न सुटलेला नाही त्यासाठी ती जमते. तेथे जागा नव्याने ठरवाव्या लागतात. जत्रेचे कौशल्य अंगी असलेला समाज सभेच्या बाबतीत मात्र नवशिका का ठरला, त्याचे उत्तर येथे आहे.

ह्याच जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सूचनेवरून काकांनी थापटी घेऊन एकेकाचे मस्तक तपासले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. प्रतिनिधींची अशी पारख पुढच्या काळातील संमेलनांत कोणी करू धजले नाही, हे त्या प्रतिनिधींचे भाग्यच म्हणावयाचे! विनोद सोडला तरी एक गोष्ट त्या कथेत खरोखर आहे. कुंभाराच्या अंगणात शिंपी, ब्राह्मणपुत्र व एक मुलगी ह्या एका ओळीत बसल्या आहेत. लोकांच्या स्मरणात सभेचे चित्र असे होते. प्रत्यक्षात ते उतरविण्यास फार काळ लागला.

आधुनिक धर्तीच्या संमेलनाचा आमच्याकडील प्रारंभ पुण्यात झाला. 11 मे 1878 रोजी न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने हिराबागेत ग्रंथकारांचे संमेलन भरले; हेच आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ. दुसरे संमेलन 1885 साली, तेही पुण्यासच. ह्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांस गेले आणि त्यांनी ते नाकारले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा प्रश्न मनापासून विचारात घेतला जात नाही, तेथे आमचे काम नाही, असा त्यांच्या पत्राचा इत्यर्थ होता. आता व्यवस्थेच्या अंगाने पाहता निमंत्रण वेळेवर गेले होते, पत्ता बरोबर होता. तरीही एक खुर्ची रिकामी राहिली, आणि त्या संमेलनातील भरलेल्या खुर्च्यांवर कोण बसले होते हे आज थोड्यांसच आठवते. रिकामी राहिलेली मात्र सर्वांस आठवते.

त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ते पुण्यास भरावयाचे ठरले होते, तयारीही सुरू झाली होती. परंतु शहरात पटकीची साथ उद्भवली आणि ऐनवेळी सारा बेत मुंबईस हलवावा लागला. गोकुळदास तेजपाल संस्कृत विद्यालयात 72 प्रतिनिधी जमले. येथून पुढे राष्ट्रीय सभेने दरवर्षी निरनिराळ्या गावी अधिवेशन भरविण्याचा जो परिपाठ घातला, तीच आमच्या लोकांची खरी शाळा ठरली. स्वागत समिती, स्वागताध्यक्ष, प्रतिनिधींची वर्गणी, विषयनियामक समिती, स्वयंसेवकांची पथके, छापील वृत्तांत हा सारा सरंजाम तेथून घराघरांत पोहोचला. पुढे जातिपरिषदा, शेतकरी परिषदा, नाट्यसंमेलने, शिक्षक संमेलने ही सगळी त्याच साच्यात ओतली गेली. साच्याबरोबर साच्याचे दोषही आले. स्वागताध्यक्षाने गावाचा इतिहास पुराणकाळापासून सांगावयाचा व त्यात अध्यक्षांच्या भाषणाची वेळ खर्ची घालावयाची, ही रूढी त्यांपैकीच एक असून ती अद्यापि बलवत्तर आहे.

मांडव कोणाचा, हा प्रश्नही त्या काळी उपस्थित झाला. राष्ट्रीय सभेच्या मांडवातच सामाजिक परिषद भरविण्याची प्रथा होती. परंतु 1895 साली पुण्याच्या अधिवेशनाच्या वेळी त्यावरून मोठे वादंग माजले आणि अखेर रानड्यांना आपली परिषद अन्यत्र न्यावी लागली. कनाती-खांबांवरून भांडणारी ही माणसे क्षुल्लक नव्हती. ज्याचा मांडव, त्याचे म्हणणे, असा लोकांचा समज असतो हे दोन्ही पक्षांस पुरते कळले होते.

हैदराबाद संस्थानात मात्र वादंग माजण्यास आधी मांडव तर हवा! तेथील प्रजेला राजकीय परिषद भरवावयाची झाल्यास संस्थानाबाहेर जावे लागे. 1923 साली काकिनाडा, 1926 साली मुंबई, 1928 साली पुणे व 1931 साली अकोला, अशा चार ठिकाणी हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा भरल्या. ह्यांपैकी एकही गाव संस्थानातील नाही. आपल्या घरचे गाऱ्हाणे शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून सांगावे, तसा हा प्रकार होता. 1929 च्या सुमारास निघालेली ‘गस्ती निशान 53’ ही तर सभाबंदीची जणू सनदच होती. गस्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. तिच्या अन्वये आगाऊ परवानगीखेरीज राजकीय स्वरूपाची सभा भरविता येत नसे, आणि सभेचे स्वरूप राजकीय आहे किंवा नाही, हे ठरविणारा अंमलदारच!

ह्या जाचाचा एक परिणाम असा झाला की, सभा भरविणाऱ्यांना शब्दांची फार बारकाईने पारख करावी लागली. 1931 हे वर्ष त्या दृष्टीने विलक्षण आहे. राजकीय परिषद त्या वर्षी हद्दीबाहेर अकोल्यास भरली. आणि त्याच वर्षी खुद्द हैदराबाद शहरात, निजामाच्या राजधानीत, मराठी साहित्य संमेलन उघडपणे पार पडले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. माणसे मराठी, भाषा मराठी, मातृभाषेच्या अवहेलनेचे दुःखही तेच. केवळ फलकावरील विशेषण बदलले आणि वेस उघडली. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी ही खूणगाठ मनाशी पक्की बांधली असावी. कारण 1937 साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे जे पहिले अधिवेशन भरले, त्यात बोलणे होते ते शिक्षणाचे, समाजसुधारणेचे, आर्थिक उन्नतीचे. दुसरे अधिवेशन लातूरला, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच, भरले.

ह्या परिषदांमागे उभी असलेली माणसे कोठे तयार झाली, असे विचाराल तर हिप्परग्याचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. ह्या जिल्ह्यातील त्या लहानशा गावी 1921 साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून विख्यात झालेले व्यंकटेश खेडगीकर 1929 साली तेथे मुख्याध्यापक होऊन आले. बाबासाहेब परांजपेही तेथेच शिकवीत असत. संस्थानच्या लोकलढ्याची धुरा पुढे ज्यांनी वाहिली, त्यांपैकी हे दोघे अशा एका खेड्यातल्या शाळेचे शिक्षक होते, ह्यात मला योगायोग दिसत नाही. शाळा चालविणे म्हणजे रोजची एक सभा चालविणेच होय. घंटा वेळेवर वाजविणे, तुटपुंज्या पैशात सर्वांस जेवू घालणे, पालकांची मने राखणे, सरकारी तपासनिसास तोंड देणे, आणि मुलांना कंटाळा येण्यापूर्वी बोलणे संपविणे, ह्या पाच गोष्टी ज्यास साधल्या त्यास अधिवेशनाचे भय वाटण्याचे कारण नाही. पाचवी गोष्ट सर्वांत कठीण.

1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. तेव्हा कार्यकर्त्यांनी सभेचे रूपच पालटले. मोठा जमाव अशक्य. मग लहान तुकड्या करावयाच्या, दिवस आधी जाहीर करावयाचा आणि ठरल्या वेळी बंदी मोडून तुरुंगात जावयाचे. 24 ऑक्टोबर 1938 रोजी सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली. तिचे नेतृत्व परतूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष गोविंदराव नानल यांच्याचकडे होते. मांडव नाही, आसने नाहीत, मोजकी माणसे. पण ही सभा साऱ्या संस्थानाने ऐकली. बंदी उठण्यास 1946 साल उजाडले आणि जून 1947 मध्ये स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसचे उघड अधिवेशन हैदराबादेत भरू शकले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले.

येथवर जे अडथळे सांगितले ते सरकारने घातलेले होते. परंतु सभा भरविणाऱ्यांना शेजाऱ्यांनीच अडविल्याची उदाहरणे त्यांहून अधिक बोलकी आहेत. 1927 च्या मार्चमध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळे गावातच होते. पण त्याचे पाणी परिषदेस आलेल्या लोकांस घेता येत नसल्यामुळे चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. परिषदेच्या जमाखर्चातील ही एक रक्कम साऱ्या भाषणांहून अधिक सांगून जाते असे मी म्हटले, तर ती अतिशयोक्ती समजू नये. दुसऱ्या दिवशी लोक तळ्यावर गेले, तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरविताना तर जागाच मिळेना. हिंदू मालक जमीन देईनात. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली व तेथे मांडव उभा राहिला. अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी महाडच्या कार्यात जे परिश्रम केले, त्यांची नावे व्यवस्था ह्या विद्येच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहावयास हवीत. त्यांनी जमविलेले लोक हे नित्याचे सभाश्रोते नव्हते; त्यांच्यापैकी पुष्कळांना मांडवाखाली मानाने बसण्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

महाडहून आपण पुन्हा धाराशिवकडे वळू. बार्शी लाइट रेल्वेचा चिमुकला रूळमार्ग ज्या गावावरून जात असे, त्या कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तीस बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. त्या शाळेची वास्तू गावकऱ्यांनी त्यांच्या स्मृतीखातर आजवर मनात जपली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, मोठ्या बाजारपेठेत नव्हे, तर अशा आडवळणाच्या गावी परिषद भरावी, याची उपपत्ती माझ्या मते सरळ आहे. वतनदार हे खेड्यापाड्यांत विखुरलेले. भाकरी बांधून पायी निघालेला माणूस जेथवर पोहोचू शकेल आणि दुरून येणाऱ्या पुढाऱ्यास आगगाडी जेथे उतरवू शकेल, असे ठिकाण निवडावयाचे. ‘महार-मांग’ हे जोडनावही साधे नाही. गावगाड्यात ज्या दोन जातींमध्ये परस्पर मान-पानाचे तंटे लावून दिलेले, त्यांस एका निमंत्रणावर बोलाविणे हेच त्या परिषदेचे अर्धे कार्य होते. जत्रेने जी जागा जन्माने नेमून दिली होती, ती येथे दोन दिवसांपुरती तरी मोडली गेली.

खेड्यात मोठे अधिवेशन भरू शकते, हे त्यापूर्वी चारच वर्षांच्या अंतराने खानदेशाने सिद्ध केले होते. डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींचा आग्रह असा की, खेड्यात मिळेल तेच सामान वापरावयाचे. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने बांबू, चटया यांतून ‘टिळकनगर’ नटविले. शहरी मंडळींना तेथे थंडी-धुळीचा त्रास झाला असेल, नाही असे नाही. परंतु हजारो शेतकऱ्यांना ते आपल्या घरचे कार्य वाटले. मांडवाचा खर्च वाढला म्हणजे सभेची प्रतिष्ठा वाढते, हा आजचा समज फैजपूरच्या बांबूंपुढे टिकत नाही.

राहता राहिले साहित्य संमेलन. हिराबागेत सुरू झालेली ही परंपरा धाराशिवास पोहोचण्यास 142 वर्षे लागली. मध्यंतरी 1957 साली ती मराठवाड्यात औरंगाबादला आली, 1983 साली अंबाजोगाईला आली. धाराशिवची पाळी 10 ते 12 जानेवारी 2020 ह्या दिवसांत आली. ते 93 वे संमेलन. यजमानपद मराठवाडा साहित्य परिषदेच्या स्थानिक शाखेकडे होते आणि संमेलनस्थळास ‘संत गोरोबाकाका साहित्यनगरी’ असे नाव देण्यात आले होते. अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे ख्रिस्ती धर्मोपदेशक व मराठी लेखक होते. ख्रिस्ती व्यक्तीस हा मान प्रथमच मिळत होता, आणि त्यावरून काही मंडळींनी विरोधाचा सूर काढलाही होता. उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांनी येऊ नये असेही त्यांस सुचविण्यात आले, ते आले. अध्यक्ष पाठदुखीने जर्जर होते. तेही आले आणि बोलले.

त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळ येथे उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांस धाडलेले निमंत्रण मागे घेतले गेले होते व त्यावरून सर्वत्र खळबळ उडाली होती. त्यामुळे धाराशिवच्या यजमानांवर दुहेरी भार होता. शहर लहान, पाऊसमान बेभरवशाचे, पाहुण्यांसाठी खोल्या मोजक्या. ह्या अडचणी कष्टाने निवारता येतात. पण बोलाविलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे, हे कोणत्याही उपसमितीकडे सोपविता येत नाही. दिब्रिटो व महानोर दोघेही आज हयात नाहीत. उस्मानाबाद ह्या नावाने त्या गावी भरलेले ते एकमेव अखिल भारतीय साहित्य संमेलन.

संमेलन आटोपले आणि दोनच महिन्यांत करोनाची साथ देशभर पसरली. पुढचे, म्हणजे 94 वे संमेलन मार्च 2021 मध्ये नाशिकला भरावयाचे होते. 1885 साली पटकीमुळे पुणेकरांनी स्थळ बदलले होते. नाशिककरांनी स्थळ तेच ठेवून तारीख बदलली, आणि ते संमेलन त्याच वर्षी डिसेंबरात भरले.